देवास ते मांडू : दुखापतीनंतरची समूहफेरी

माळव्याच्या पठारावरील देवास आणि धार ही दोन शहरे रस्त्याने एकमेकांपासून सुमारे 100 किलोमीटरवर असून, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन्ही ठिकाणी पवार घराण्याच्या शाखांनी आपला अंमल बसवल्यामुळे मराठी घरे, मराठी आडनावे आणि हिंदीच्या वळणाने बोलली जाणारी मराठी तेथे आजही आढळते. त्यांना जोडणारा रस्ता इंदूरमधून जातो. देवासहून निघून धार गाठणारा आणि त्याच दिवशी परतणारा सायकलस्वार साधारणपणे 200 किलोमीटर अंतर तोडतो, आणि दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ‘ब्रेव्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करावयाच्या फेऱ्यांपैकी सर्वांत लहान फेरीचे अंतरही तेवढेच असते. तिच्यासाठी साडेतेरा तास दिले जातात. धारपासून मांडू आणखी 35 किलोमीटर आहे. सराव असलेल्या धडधाकट माणसाला हा मार्ग फारसा कठीण नाही, कारण देवास, इंदूर आणि धार ही तिन्ही ठिकाणे समुद्रसपाटीपासून 500 ते 600 मीटरांच्या दरम्यान आहेत आणि मांडूच्या अलीकडची दरी सोडली तर मोठा चढ वाटेत लागत नाही. परंतु पडून हाड मोडलेला, काही महिने घरी बसलेला आणि आता पुन्हा दहा-बारा जणांच्या रांगेत चाक घालू पाहणारा सायकलस्वार हाच मार्ग वेगळ्या नजरेने वाचतो, आणि त्याचे ते वाचन नकाशापेक्षा कितीतरी बारकाईचे असते.

सायकलवरून पडणारा माणूस प्रतिक्षिप्तपणे हात पुढे टाकतो किंवा खांद्यावर आपटतो, आणि त्यामुळे मनगटाची लहान हाडे व गळपट्टीचे हाड, म्हणजे छातीच्या मधल्या हाडापासून खांद्यापर्यंत आडवे गेलेले हाड, यांना अशा अपघातांत वारंवार इजा होते. गळपट्टीचे हाड बहुतेक वेळा मधल्या भागात मोडते. टोके फार सरकली नसतील तर हात झोळीत अडकवून ते जुळू दिले जाते, आणि फार सरकली असतील तर धातूची पट्टी व स्क्रू बसवून ते जोडले जाते. मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ, मग ‘कॅलस’ या नावाने ओळखला जाणारा मऊ ऊतींचा पूल, आणि त्यानंतर त्याच पुलाचे कठीण हाडात रूपांतर, अशा क्रमाने हे काम चालते. प्रौढ माणसात त्याला ढोबळ मानाने 6 ते 12 आठवडे लागतात, आणि त्यापुढेही अनेक महिने हाड स्वतःला घडवत राहते. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आपली घडण बदलते, हे तत्त्व जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ याने 1892 मध्ये ग्रंथरूपाने मांडले होते, आणि भार हळूहळू वाढवत नेण्याच्या आजच्या व्यायामोपचाराच्या पद्धतीमागे तेच तत्त्व उभे आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की जुळलेल्या हाडाला कायमची विश्रांती मानवत नाही. क्ष-किरण छायाचित्र पाहून डॉक्टर जी परवानगी देतात ती मात्र हाडापुरतीच असते, आणि समूहफेरीला लागणारी दुसरी गोष्ट, म्हणजे पुढच्याच्या चाकावर आणि स्वतःच्या हातांवर एकाच वेळी विश्वास ठेवण्याची सवय, कोणत्याही छायाचित्रात उमटत नाही.

देवासमध्ये फेरीची सुरुवात सहसा टेकडीच्या पायथ्याशी होते. शहराच्या मधोमध उठलेल्या या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवींची स्थाने आहेत, आणि लोक त्यांना थोरली माता व धाकटी माता म्हणतात. पायथ्याच्या शहरानेही ही जोडी सांभाळली होती, कारण तुकोजी आणि जिवाजी पवार या बंधूंच्या वंशजांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात, दोन राजे आणि दोन दरबार यांसह, स्वातंत्र्य मिळेपर्यंत नांदली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून येथे राहिला होता, आणि 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या देवासविषयक पुस्तकाच्या नावात हीच टेकडी आहे.

याच टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ हे घर आहे, आणि दुखापतीतून परतण्याचा विचार करताना ते ओलांडून पुढे जाणे योग्य ठरणार नाही. 1924 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, ऐन उमेदीत क्षयाने गाठल्यावर 1948 च्या आरंभी कोरड्या हवेसाठी देवासला आले, आणि पुढची सुमारे पाच वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील तेव्हाचे नवे औषध लागू पडले, पत्नी भानुमती यांच्या शुश्रूषेला यश आले, आणि 1953 च्या सुमारास ते मैफलीत परतले. परतले ते मात्र निराळे होऊन. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येणारी माळव्यातील बायकांची लोकगीते त्यांनी आत्मसात केली होती, आणि एक फुप्फुस जवळपास निकामी झालेले असल्यामुळे लांब श्वासाच्या जागी छोट्या, तुटक, वेगाने उमटणाऱ्या स्वरवाक्यांची गायकी उभी राहिली, असे त्यांच्या गाण्याचे अनेक जाणकार मानतात. शारीरिक मर्यादेतूनच ही शैली निघाली असे म्हणणे अपुरे आहे, कारण क्षयातून उठलेले सर्वच गायक कुमार गंधर्व होत नाहीत. तरीही त्यांच्या उदाहरणातून एक गोष्ट निःसंशय दिसते, आणि ती सायकलस्वारालाही लागू पडते : आजाराआधी जेथे थांबलो होतो तेथूनच पुढे जायचे, असा हट्ट धरणाऱ्यापेक्षा, हाती उरलेल्या श्वासाचा हिशेब नव्याने मांडणारा अधिक दूर जातो.

समूहफेरी म्हणजे एका वेळी निघालेल्या सुट्या सायकलस्वारांची गर्दी नसते. तिला रचना असते आणि ती रचना वाऱ्याने ठरवलेली असते. सपाट रस्त्यावर वेग वाढला की चालकाची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्ची पडते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. पुढच्या सायकलच्या अगदी मागे राहणाऱ्याला तिच्या आडोशाचा लाभ मिळून त्याचे पाव ते एक-तृतीयांश श्रम वाचतात. याला सायकलस्वार ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात, आणि पाळीपाळीने पुढे येऊन वारा झेलणाऱ्या रांगेला ‘पेसलाइन’. देवासच्या परिसरात वाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही, कारण जवळच्या जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांची रांग उभी आहे, आणि पहाटे त्यांच्या पात्यांची दिशा पाहून दिवस कसा जाणार याचा अंदाज बांधता येतो. पावसाळ्यात वारे पश्चिम-नैऋत्येकडून येत असल्यामुळे धारकडे जाणाऱ्याला ते समोरून मिळतात, तर हिवाळ्यात उत्तर-पूर्वेचा हलका वारा पाठीशी राहतो. समूहफेऱ्यांचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो याला थंडीइतकेच हेही कारण आहे.

हा आडोसा परतणाऱ्या सायकलस्वारासाठी वरदान आणि संकट एकाच वेळी असतो. दमसास घटलेला माणूस, आठवड्यांच्या विश्रांतीने मांड्यांचा घेर कमी झालेला माणूस, एकट्याने ज्या वेगाने तासभरही टिकला नसता त्या वेगाने समूहाच्या मागे दोन-तीन तास जाऊ शकतो. मात्र त्यासाठी त्याला पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर राहावे लागते, आणि तेथून त्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. रस्त्याची बातमी त्याला हाताच्या खुणांनी आणि आरोळ्यांनी कळते : “गड्ढा!”, “ब्रेकर!”, “पीछे गाडी!” मराठी घरातला असला तरी या आरोळ्या तो हिंदीतूनच देतो आणि ऐकतो, कारण रांगेत कोण कोणत्या घरचे आहे हे पाहत बसायला तेव्हा सवड नसते. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपले पुढचे चाक शिरणे ही समूहातील सर्वांत घातक चूक समजली जाते, कारण चाके घासली तर पुढचा सहसा सावरतो आणि मागचा आडवा होतो. पूर्वी असाच पडलेला माणूस दुधाने तोंड पोळल्यासारखा वागतो. तो अंतर वाढवतो, अंतर वाढले की आडोसा सुटतो, आडोसा सुटला की दम लागतो, आणि दमलेल्या माणसाचे चाक आणखी डगमगते. भीतीने सुरक्षितता वाढते हा समज रांगेत अशा रीतीने खोटा पडतो.

यावर अनुभवी समूहांनी शोधलेला उपाय साधा आहे. परतणाऱ्याला रांगेच्या शेवटून दुसऱ्या जागी ठेवले जाते आणि त्याच्या मागे ‘स्वीप’, म्हणजे कोणी मागे राहू नये याची जबाबदारी घेतलेला अखेरचा सायकलस्वार, असतो. या जागी वारा लागत नाही, पुढे येण्याची पाळी येत नाही, आणि पुढचे चाक चुकून सुटले तरी मागे कोणी तरी आहे याची खात्री असते. सवयीने पुढे राहिलेल्या, सर्वांना ओढत नेण्यात भूषण मानलेल्या माणसाला ही जागा अपमानास्पद वाटू शकते, आणि तसे वाटणाऱ्यांपैकीच अनेकजण दुसऱ्यांदा पडतात. व्यावसायिक शर्यतीतही मागे राहण्याचा असा काळ मोठमोठ्यांना चुकलेला नाही. 1986 मध्ये टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकन ग्रेग लेमाँड याला पुढच्याच वर्षी शिकारीच्या वेळी चुकून छर्रे लागले, त्यातले काही शरीरातच राहिले, आणि त्यानंतरचा बराच काळ त्याने मोठ्या शर्यतींत मागच्या घोळक्यासोबत धापा टाकत काढला. 1989 मध्ये त्याने तीच स्पर्धा 8 सेकंदांच्या फरकाने पुन्हा जिंकली. सांगताना लोक या 8 सेकंदांवरच थांबतात, वास्तविक शिकण्यासारखे आहे ते मधल्या काळात.

देवास सोडल्यावर इंदूरपर्यंतचे सुमारे 37 किलोमीटर आग्रा-मुंबई महामार्गाने जातात. रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, आणि नेमकी हीच त्याची अडचण, कारण शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या हवेचा झोत आधी सायकलला बाजूला ढकलतो आणि ट्रक पुढे गेला की आत ओढतो. दुखावलेल्या खांद्याची पहिली परीक्षा येथे होते. मागून येणारे वाहन पाहण्यासाठी मान उजवीकडे वळवावी लागते, मान वळताना गळपट्टीवरचे स्नायू ताणले जातात, आणि ताण टाळण्यासाठी माणूस नकळत संपूर्ण धडच वळवतो. धड वळले की हँडल वळते. घरात आरशासमोर मान पूर्ण फिरत असली तरी हँडलवर भार टाकून पुढे वाकलेल्या स्थितीत ती तितकीच फिरेल असे नसते, म्हणून ती चाचणी रस्त्यावर येण्याआधी, उभ्या केलेल्या सायकलवर बसून करणे शहाणपणाचे ठरते.

क्षिप्रा गावाजवळ त्याच नावाची नदी ओलांडावी लागते. उज्जैनच्या घाटांवर जिला अफाट गर्दी लोटते ती ही नदी येथे एका पुलाखालून निमूट जाते. सकाळी या पट्ट्यातील गावांच्या आतल्या रस्त्यांवर शाळेला निघालेल्या मुलींचे सायकलींचे थवे दिसतात. मध्य प्रदेश शासनाच्या मोफत सायकल योजनेने त्यांच्यातील अनेकींच्या हाती ही वाहने दिली आहेत. शिरस्त्राण, दस्ताने आणि चकाकते कपडे घातलेल्या शहरी सायकलस्वारांना समूहफेरी ही आपली नवी संस्कृती वाटत असली, तरी तिघी-तिघींनी शेजारी चालवत, गप्पा न तोडता, समोरून ट्रॅक्टर आला की न सांगता एका ओळीत येणाऱ्या या मुली तिच्यात अधिक मुरलेल्या आहेत. त्यांचा वेग परतणाऱ्या माणसाला शोभणारा असतो, हेही नमूद करण्याजोगे आहे.

इंदूर पहाटे लवकर ओलांडावे, नाहीतर ओलांडण्यात दिवस जातो. शेव आणि जिरावण, म्हणजे माळव्यातील वाटलेला कोरडा मसाला, घातलेले पोहे व सोबत जिलेबी हा थांबा कोणताही समूह चुकवत नाही, आणि त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही.

इंदूरच्या पश्चिमेला बेटमा, घाटाबिल्लोद आणि लेबड या क्रमाने अहमदाबादकडे जाणारा मार्ग धारला पोहोचतो. काळ्या कापूसमातीची शेते दोन्ही बाजूंना पसरलेली असतात. पावसाळ्यात सोयाबीन, नंतर गहू, हरभरा आणि लसूण. ही माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते, तिच्यावर बांधलेल्या लहान रस्त्यांच्या कडा त्यामुळे खचतात, आणि कडेवरचा हा बोटभर उंबरठा सायकलच्या बारीक चाकाला खड्ड्याहून वाईट, कारण खड्डा दिसतो आणि तो दिसत नाही. घाटाबिल्लोदला चंबळ लागते. महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावलेली ही नदी येथे लहान आहे, आणि पुढे राजस्थानच्या सीमेवर बीहडे कोरणारी ती हीच, हे पुलावरून पाहताना पटत नाही. जवळच पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील वाहन-चाचणी केंद्रात 2021 मध्ये 11.3 किलोमीटर परिघाची अतिवेगवान धावपट्टी सुरू झाली. मोटारींना निर्वेध धावण्यासाठी इतकी सोय असलेल्या जिल्ह्यात सायकलसाठी रस्त्याची एक वीतही वेगळी राखलेली नसावी, हा विरोधाभास लेबडच्या तिठ्यावर ट्रकांच्या गर्दीतून वाट काढताना विशेष जाणवतो. परतणाऱ्याने येथे उतरून, सायकल हाती धरून तिठा ओलांडला तर त्यात कमीपणा नाही.

धारला पोहोचेपर्यंत 100 किलोमीटर झालेले असतात, आणि तळहातांना मुंग्या येऊ लागतात, कारण कमकुवत खांदा वाचवण्यासाठी शरीर दुसऱ्या हातावर अधिक भार टाकत आलेले असते. परमार राजा भोजाची ही राजधानी; पुढे माळव्याच्या सुलतानांची, आणि त्यानंतर पवारांची. टेकडीवरच्या किल्ल्यात जानेवारी 1775 मध्ये दुसरा बाजीराव जन्मला, कारण त्याचे वडील राघोबादादा यांनी आनंदीबाईंना येथे आश्रयाला ठेवले होते. मराठी वाचकाला धार एवढ्याचसाठी आठवते, आणि ते काहीसे अन्यायाचे आहे.

1405 मध्ये दिलावरखान घोरी याने बांधलेल्या लाट मशिदीच्या आवारात धारचा प्रचंड लोहस्तंभ तीन तुकड्यांत आडवा पडलेला आहे. तुकडे जोडून पाहिल्यास त्याची मूळ उंची दिल्लीतील प्रसिद्ध लोहस्तंभापेक्षा बरीच अधिक होती असे दिसते. त्यावर अकबराच्या 1598 मधील मुक्कामाचा लेख कोरलेला आहे, आणि गुजरातचा सुलतान बहादूरशहा हा स्तंभ आपल्या मुलखात नेऊ पाहत असताना तो पडून तुटला, असे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. जेथे तो तुटला तेथील कड शतकानुशतके तशीच उघडी राहिली आहे. थकलेल्या खांद्याने स्तंभाच्या चौथऱ्याशी टेकून बसलेल्या सायकलस्वाराला लोखंड आणि हाड यांच्यातील फरकाचे व्याख्यान वेगळे द्यावे लागत नाही. हे लोखंड उत्तम प्रतीचे आहे, गंजाला त्याने दाद दिलेली नाही, पण जुळून येणे त्याच्या स्वभावात नाही.

धारहून मांडूचा रस्ता नालछा गावावरून दक्षिणेला जातो. माळव्याचे पठार येथे विंध्याच्या कडेला येऊन संपते, आणि मांडूचा डोंगर काकडा खोह या खोल दरीने मुख्य पठारापासून तुटलेला आहे, त्यामुळे रस्त्याला आधी एका अरुंद खिंडीत उतरून मग वळणे घेत पुन्हा चढावे लागते. समूह येथे आपोआप विस्कटतो, कारण चढावर वेग कमी झाल्याने आडोशाचा उपयोग राहत नाही आणि प्रत्येकाला आपापले वजन स्वतःच वर न्यावे लागते. परतणाऱ्याला चढाची धास्ती नसते. चढावर पडण्याची भीती कमी, वेग कमी, आणि दम पुरला नाही तर पाय टेकता येतो. हृदयाचे ठोके मोजत, हातचे राखून चढणारा माणूस बहुधा तरण्याताठ्यांच्या फारसा मागे राहत नाही. आलमगीर दरवाजा, भंगी दरवाजा असे एकामागून एक दरवाजे येतात, आणि त्यांच्यापुढे गोरखचिंचेची ती अवाढव्य, फुगीर बुंध्यांची झाडे, जी मुळात आफ्रिकेतली असून स्थानिक लोक त्यांना खुरासानी इमली म्हणतात. रस्त्याच्या कडेला टोपलीत त्यांची लवदार, टणक कवचाची फळे विकायला असतात. विक्रेती एखादे फळ दगडावर फोडून आतला पांढरट, पिठूळ, आंबट गर चाखायला देते, आणि कोरड्या पडलेल्या घशाला तो गर लगेच चिकटतो.

खरी परीक्षा परतीच्या उतारावर आहे. उतारावर वेग आपसूक वाढतो, पुढचा ब्रेक जोरात दाबला तर शरीराचा भार पुढे फेकला जाऊन तो सगळा हातांवर व खांद्यांवर येतो, आणि वळणावर सांडलेली बारीक खडी चाकाची पकड सोडवते. अपघात बहुधा अशाच ठिकाणी घडलेला असतो, म्हणून बोटे ब्रेकवर आवळून धरली जातात; कोपर ताठ होतात, आणि ताठ कोपरातून रस्त्याचा प्रत्येक हिसका थेट त्याच हाडात पोहोचतो. यावर धैर्याचा उपयोग नाही, तंत्राचा आहे : वळणाच्या आधी वेग कमी करणे, वळणात ब्रेक सोडणे, कोपर किंचित वाकवणे, आणि नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या बाहेर जाणाऱ्या टोकाकडे ठेवणे. समूहाने येथे परतणाऱ्याला सर्वांत शेवटी सोडावे, स्वीपने त्याच्या मागे बरेच अंतर राखावे, आणि खाली जमलेल्यांनी त्याची वाट पाहताना वेळ किती लागला हे मोजू नये.

नालछ्यानंतर रस्ता पुन्हा सपाट होतो आणि रांग पुन्हा जमते. पुष्कळ समूह मांडूलाच सायकली टेम्पोत चढवून इंदूरला परततात, आणि पहिल्यांदा बाहेर पडलेल्या माणसाने तसे केले तर कोणी हरकत घेत नाही. तथापि ज्याचा उतार नीट पार पडला आहे त्याने धारपर्यंतचे उरलेले अंतर तरी सायकलीवरच काटावे, कारण दरीतून सुखरूप वर आलेल्या माणसाच्या हातांतला ताठरपणा याच सपाट पट्ट्यात सैल होतो, आणि पुढच्या वेळी त्याला शेवटून दुसऱ्या जागी ठेवायचे की मधल्या रांगेत घ्यायचे, हे ठरवण्यासाठी स्वीपला पाहण्यासारखे जे काही असते ते तेथेच दिसते.